मॉबएसएफ: फुकटातलं उत्तम स्कॅनर, पण बाउंटी त्याच्या पीडीएफला मिळत नाही

मोबाइल ॲप पेनटेस्टिंग (परवानगी घेऊन ॲपमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणं) शिकायला घेतलं की सुरुवातीलाच ज्या साधनाशी गाठ पडते ते म्हणजे मॉबएसएफ, पूर्ण नाव मोबाइल सिक्युरिटी फ्रेमवर्क. अजिन अब्राहम यांनी सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प. परवाना जीपीएल ३, किंमत शून्य. ब्राउझरमधल्या पानावर एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) ओढून टाकायची. मॉबएसएफ ती उलगडतं, जावा कोड काढून देतं, मॅनिफेस्ट (ॲपचे घटक जाहीर करणारी फाइल), परवानग्या, सर्टिफिकेट, नेटिव्ह लायब्ररी (प्रोसेसरवर थेट चालणारा कोड), कोडात पडून राहिलेल्या चाव्या आणि पत्ते असं सगळं मांडतं आणि वर १०० पैकी गुणही देतं. नागपुरात व्हीएनआयटीतल्या, हिंगणा रोडवरच्या कॉलेजांतल्या किंवा मिहानमध्ये टेस्टिंगची नोकरी करून रात्री हे शिकणाऱ्या कुणालाही हे साधन घ्या असंच आम्ही सांगू. मात्र त्याने दिलेला रिपोर्ट जसाच्या तसा हॅकरवनवर (त्रुटी कळवून बाउंटी, म्हणजे बक्षीस, मिळवायच्या संकेतस्थळावर) टाकायचा बेत असेल, तर तो बेत आधी सोडा. तिथे असे रिपोर्ट रोज येतात आणि ‘इन्फॉर्मेटिव्ह’ (फक्त माहितीपुरता) असा शिक्का बसून बंद होतात.

बसवायला सर्वांत सोपा मार्ग डॉकरचा (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन). ओपनसिक्युरिटी नावाखालची अधिकृत इमेज ओढायची, पोर्ट ८००० उघडायचं आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर जायचं. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘मॉबएसएफ’, इंग्रजी लहान अक्षरांत. इथे दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं म्हणजे, दस्तऐवजातल्या आज्ञेत कंटेनर थांबताच पुसून टाकण्याचा पर्याय असतो. तो तसाच चालवला की खिडकी बंद करताच झालेले सगळे स्कॅन जातात. आपल्या डिस्कवरचं एक फोल्डर कंटेनरमधल्या मॉबएसएफच्या घरच्या फोल्डरला जोडून द्या. लिनक्सवर त्या फोल्डरची मालकी ९९०१ या यूजर क्रमांकाला दिली नाही, तर परवानगीची चूक येऊन कंटेनर उठतच नाही. दुसरं म्हणजे, पोर्ट सगळ्या नेटवर्कला उघडं ठेवलं जातं. हॉस्टेल किंवा पीजीच्या सामायिक वायफायवर मूळ पासवर्डसह मॉबएसएफ उघडं ठेवणं बरं नव्हे. खुद्द मॉबएसएफमध्येही वेळोवेळी त्रुटी सापडून दुरुस्त झाल्या आहेत. पोर्ट १२७.०.०.१ ला बांधा आणि इमेज अधूनमधून नव्याने ओढा. मॉबएसएफची एक सार्वजनिक ऑनलाइन प्रतही आहे. सरावाच्या ॲपसाठी ती ठीक, पण ग्राहकाची किंवा खासगी बाउंटी प्रोग्रामची एपीके तिथे चढवली तर गोपनीयतेचा करार तिथेच मोडला.

लॅपटॉपचं म्हणाल तर ८ जीबी रॅममध्ये फक्त स्टॅटिक (ॲप न चालवता केलेली) तपासणी निभते. डॉकर, एम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन) आणि बर्प (ॲपचं ट्रॅफिक पाहायचं साधन) तिन्ही एकदम उघडले की मशीन गुडघे टेकतं. १६ जीबी असेल तर काम सुखाने होतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) आपोआप अर्ध्यापर्यंत रॅम खाऊ शकतं, त्याला त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ४ जीबीची मर्यादा घाला. काली लिनक्स व्हर्च्युअल बॉक्समध्ये आणि त्याच्या आत अँड्रॉइडचा एम्युलेटर, हा प्रकार अनेक क्लासमध्ये शिकवतात, तो करू नका. एकात एक दोन आभासी मशिनं चालवून फक्त पंखा ओरडतो. एम्युलेटर मूळ विंडोजवर किंवा लिनक्सवरच चालवा. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, मोठ्या ॲपचा डीकंपाइल दुपारी लावला तर प्रोसेसर तापून आपणहून गती कमी करतो आणि स्कॅन अडकल्यासारखा वाटतो. तो अडकलेला नसतो, लॉग पाहा. सकाळी लावा किंवा लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात न ठेवता (दमट हवा सर्किटला चांगली नाही) पंख्याखाली उंचवट्यावर ठेवा.

एपीके कुठून आणायची यातही लोक चुकतात. प्ले स्टोअरवरची बहुतेक ॲपं आता बंडल पद्धतीने येतात. फोनवर ॲप बसवून एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) पॅकेज मॅनेजरला पत्ता विचारला की एक नाही, तीन-चार फाइली दिसतात: एक मूळ आणि बाकी तुकडे, कुठला प्रोसेसरसाठी, कुठला भाषेसाठी, कुठला पडद्याच्या घनतेसाठी. नवखा माणूस फक्त मूळ फाइल ओढून मॉबएसएफमध्ये टाकतो. मग नेटिव्ह लायब्ररीचा रकाना रिकामा येतो आणि ‘या ॲपमध्ये नेटिव्ह कोड नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात तो कोड प्रोसेसरच्या तुकड्यात असतो. सगळे तुकडे ओढा, नेटिव्हचा तुकडा वेगळा तपासा आणि एम्युलेटरवर परत बसवताना एडीबीची एकाच वेळी अनेक फाइली बसवणारी आज्ञा वापरा. बाहेरच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या एपीके टाळा. आवृत्ती जुनी असते किंवा कुणी हात लावलेला असतो.

आता रिपोर्ट. तो वाचता आला की मॉबएसएफ शिक्षक होतं, नाही तर नुसतं घाबरवतं. रिपोर्टातला लाल रंग सावजीच्या तर्रीसारखा समजा, रंगावरून तिखटपणा ठरवायचा नाही. काही नेहमीच्या नोंदी आणि त्यांची खरी किंमत सांगतो.

‘हार्डकोडेड सीक्रेट्स’ या यादीत निम्मा भरणा स्ट्रिंग फाइलमधल्या लेबलांचा असतो. ‘पासवर्ड टाका’ एवढं वाक्यसुद्धा तिथे येतं, कारण त्यात पासवर्ड हा शब्द आहे. फायरबेस (गूगलची डेटाबेस वगैरे पुरवणारी सेवा) वापरणाऱ्या ॲपमध्ये गूगलची एपीआय (ॲप सर्व्हरशी बोलतं ती वाट) की दिसणारच. ती गुप्त असावी अशी रचनाच नाही. ती की नकाशाच्या किंवा दुसऱ्या पैसे लागणाऱ्या सेवेला बंधनाशिवाय चालते का, एवढंच पाहायचं, आणि तेही प्रोग्रामच्या नियमांत बसत असेल तरच. अनेक कंपन्यांनी नकाशाच्या चाव्या आधीच व्याप्तीबाहेर ठेवल्या आहेत. फायरबेसच्या डेटाबेसचा पत्ता दिसला तर त्याला शेवटी ‘/.json’ हे जेसनचं शेपूट लावून उघडा. परवानगी नाकारली असा जवाब आला की विषय संपला. नोंदी दिसल्या तर मात्र तो खरा बग, आणि तिथेच थांबायचं, माहिती उतरवून घ्यायची नाही.

‘बॅकअपला परवानगी’ ही नोंद जुन्या पुस्तकांमुळे भारी वाटते. अँड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या ॲपचा डेटा एडीबी बॅकअपमध्ये येतच नाही. ‘जानस’ची नोंदही तशीच. ती २०१७ ची त्रुटी अँड्रॉइड ५ ते ८ वर, फक्त पहिल्या पद्धतीच्या स्वाक्षरीवर अवलंबून असलेल्या ॲपला लागू होते. ‘असुरक्षित रँडम’ आणि ‘लॉगमध्ये माहिती’ या नोंदी बहुतेकदा कुठल्या तरी जाहिरातीच्या किंवा ग्राफच्या लायब्ररीतून येतात; नोंदीवर टिचकी मारून फाइलचा पत्ता पाहा, पॅकेजचं नाव ॲपचं नसेल तर पुढे जा.

थांबून वाचायची जागा म्हणजे ‘एक्स्पोर्टेड’ घटकांची यादी आणि तिच्या शेजारची डीप लिंकची (ॲपमधला ठरावीक पडदा उघडणाऱ्या दुव्यांची). बाहेरचं ॲप ज्या दारातून आत शिरू शकतं त्या दारांची ही नावं. मुख्य पडदा एक्स्पोर्टेड असतोच, त्याला सोडा. बाकी प्रत्येक ॲक्टिव्हिटीचा (म्हणजे पडद्याचा) जावा कोड उघडा आणि एकच गोष्ट शोधा: ती इंटेंटमधून (बाहेरून आलेल्या मागणीतून) काय घेते आणि त्याचं पुढे काय करते. इंटेंटमधून पत्ता घेऊन तो तपासणी न करता वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) उघडत असेल, आणि त्या वेबव्ह्यूत लॉगिनचं टोकन हेडरमधून जात असेल, तर एका लिंकवर खातं हातातून जाऊ शकतं. अशा बगला पैसे मिळतात. मॉबएसएफ तुम्हाला यातलं फक्त पहिलं वाक्य सांगतं, ‘ही ॲक्टिव्हिटी एक्स्पोर्टेड आहे’. उरलेली साखळी तुम्हाला कोड वाचूनच जुळवावी लागते.

इथेच एक सापळा आहे, तो बऱ्याच शिकवण्यांमध्ये सांगत नाहीत. एम्युलेटरवर एडीबी रूट (पूर्ण ताबा असलेला वापरकर्ता) म्हणून चालत असेल तर एक्स्पोर्टेड नसलेली ॲक्टिव्हिटीसुद्धा आज्ञेने उघडते. माणूस खूश होतो, व्हिडिओ काढतो, रिपोर्ट पाठवतो आणि तो बंद होऊन परत येतो. रूट नसलेल्या फोनवर तपासा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे वीस-तीस ओळींचं छोटं ॲप लिहून त्यातून इंटेंट पाठवा. तेच लहान ॲप नंतर पुरावा म्हणून जोडता येतं. रूट केलेल्या फोनवर शेअर्ड प्रेफरन्सेसमधली (ॲपच्या सेटिंग साठवायच्या जागेतली) फाइल वाचून ‘टोकन उघडं सापडलं’ म्हणणंही असंच. ‘रूट लागतं’ म्हटलं की बहुतेक प्रोग्राम ते घेत नाहीत.

डायनॅमिक (ॲप चालवून केलेल्या) तपासणीत मॉबएसएफ एम्युलेटरला जोडून घेतं, फ्रिडा (चालत्या ॲपच्या कोडात हात घालणारं साधन) चढवतं, पिनिंग (ॲपने ठरावीक सर्टिफिकेटच मानणं) आणि रूटची तपासणी चुकवायच्या तयार स्क्रिप्ट चालवतं, एक्स्पोर्टेड ॲक्टिव्हिटी एकेक उघडून त्यांचे स्क्रीनशॉट घेतं. हा भाग स्टॅटिकइतका भरवशाचा नाही. डॉकरमधून चालवताना एम्युलेटरची ओळख पर्यावरण-चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) लिहून द्यावी लागते आणि अनेकांचं घोडं तिथेच अडतं. त्यात तास घालवण्यापेक्षा डायनॅमिकसाठी मॉबएसएफ डॉकरशिवाय, थेट पायथॉन आणि जेडीकेवर बसवा. एम्युलेटरची इमेज प्ले स्टोअर असलेली घेऊ नका, त्यात एडीबीला रूट मिळत नाही. ‘गूगल एपीआयज’ लिहिलेली घ्या आणि सिस्टीम लिहिण्याजोगी ठेवून सुरू करा. अँड्रॉइड ११ ची इमेज सर्वांत कमी छळते. तिच्या इंटेल आवृत्तीत आर्म कोड चालवायची सोय आहे, त्यामुळे ‘एबीआय जुळत नाही’ असं म्हणून ॲप बसायला नकार देण्याचे प्रसंग कमी येतात.

ट्रॅफिक पाहायला मॉबएसएफचा स्वतःचा प्रॉक्सी (मधे बसून ट्रॅफिक पकडणारा भाग) आहे, पण आमचं मत स्पष्ट आहे: तो बाजूला ठेवून बर्प स्वीटची कम्युनिटी आवृत्ती वापरा. तिच्यात प्रोजेक्ट जतन होत नाही आणि इंट्रूडर (तीच विनंती अनेकदा पाठवणारा भाग) मुद्दाम मंद ठेवलेला आहे, तरी शिकायला प्रॉक्सी आणि रिपीटर (एक विनंती बदलून पुन्हा पाठवणारा भाग) पुरेसे आहेत. फक्त सर्टिफिकेटचं गणित समजून घ्या. कूटबद्ध ट्रॅफिक वाचायला बर्पचं सर्टिफिकेट फोनवर बसवावं लागतं. अँड्रॉइड ७ पासून ॲपं वापरकर्त्याने बसवलेल्या सर्टिफिकेटवर मुळात विश्वास ठेवत नाहीत. ते सिस्टीमच्या साठ्यात न्यावं लागतं. अँड्रॉइड १४ मध्ये तो साठाच वेगळ्या, अद्ययावत होणाऱ्या मॉड्यूलमध्ये गेला, म्हणून जुन्या व्हिडिओतली ‘सिस्टीम रिमाउंट करून फाइल टाका’ ही युक्ती तिथे चालत नाही. नवशिक्याने अँड्रॉइड ११ वरच राहावं याचं हे आणखी एक कारण. फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बनवायच्या साधनात) लिहिलेलं ॲप फोनची प्रॉक्सी सेटिंग मानतच नाही. बर्पमध्ये काहीच दिसत नाही म्हणून लोक सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा बसवत राहतात. आधी लायब्ररीच्या यादीत फ्लटरची सो फाइल आहे का ते बघा. असेल तर रस्ता वेगळा, रीफ्लटरसारख्या साधनाचा.

फ्रिडाच्या बाबतीत फोनवरचा सर्व्हर आणि संगणकावरचं साधन एकाच आवृत्तीचं ठेवा. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १७ ने जावाचा पूल मूळ गाभ्यातून बाहेर काढला. आज्ञा-ओळीच्या साधनात तो अजून मिळतो, पण पायथॉनमधून चढवल्या जाणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट ‘जावा म्हणजे काय’ असं विचारून कोलमडतात. स्क्रिप्ट चुकीची नसते, काळ पुढे गेलेला असतो.

सरावाला काय घ्यावं? ओवॅस्प या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचे अनक्रॅकेबल नावाचे क्रॅकमी (मुद्दाम फोडायला दिलेली ॲपं) पहिल्यापासून सोडवा. पहिल्या पातळीत चावी आणि गुंडाळलेलं उत्तर दोन्ही कोडातच आहे. मॉबएसएफमधून जावा कोड काढा, तुलना कुठे होते ती मेथड शोधा, मग फ्रिडाने तिचं उत्तर छापून घ्या. तयार स्क्रिप्ट शोधायची नाही, दहा ओळी स्वतः लिहायच्या. दिवा आणि इनसिक्युअरबँक व्ही २ ही ॲपं प्रसिद्ध आहेत, पण जुनी आहेत. त्यांतल्या चुका आजच्या ॲपमध्ये क्वचित दिसतात. ओव्हरसिक्युअर्ड कंपनीचं ओव्हीएए हे ॲप त्या मानाने फार उपयोगी. वेबव्ह्यू, डीप लिंक, कंटेंट प्रोव्हायडर (इतर ॲपना डेटा पुरवणारा घटक) यांच्या आजच्या धाटणीच्या चुका त्यात मुद्दाम ठेवल्या आहेत. ते ॲप आधी मॉबएसएफला द्या आणि किती चुका त्याने पकडल्या, किती फक्त बोट दाखवून सोडल्या, ते वहीत लिहा. या साधनाची मर्यादा त्या वहीतून जितकी कळते तितकी कुठल्याही परीक्षणातून, अगदी या परीक्षणातूनही, कळणार नाही.

सर्व्हरची बाजू तर मॉबएसएफला दिसतच नाही. ऑर्डरचा क्रमांक बदलला की दुसऱ्याचं बिल येतं, ओटीपी कितीही वेळा तपासता येतो, रद्द केलेलं टोकन चालूच राहतं, असे बग एपीकेत नसतात, एपीआयमध्ये असतात. मोबाइलच्या बाउंटीत हात मारायचा तर आमच्या मते निम्म्याहून जास्त वेळ इथे द्यावा. मॉबएसएफने काढलेली एपीआयच्या पत्त्यांची यादी घ्यायची, त्यातले ॲपच्या पडद्यांवर न दिसणारे पत्ते वेगळे काढायचे, स्वतःची दोन खाती उघडायची आणि एकाचं टोकन लावून दुसऱ्याची वस्तू मागायची. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी यासाठी फुकट आणि उत्कृष्ट आहे.

हे सगळं कुणाच्या ॲपवर करायचं? नागपूर मेट्रोचं, महापालिकेचं, वीजबिलाचं ॲप हाताशी असतं म्हणून त्यावर सराव करायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणं कलम ४३ खाली येतं, आणि ते अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी चांगल्यासाठी करत होतो’ हे ठाण्यात सांगत बसण्यापेक्षा हॅकरवन, बगक्राउड किंवा इंटिग्रिटीवर ज्या प्रोग्रामच्या व्याप्तीत अँड्रॉइड ॲपचं पॅकेज नाव स्पष्ट लिहिलं आहे तोच निवडा. सरकारी ॲपमध्ये सहज वापरताना काही दिसलं, तर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवायची सोय आहे. जुन्या लेखांत गूगल प्लेच्या लोकप्रिय ॲपसाठी गूगल स्वतः बक्षीस देतं असं वाचाल. तो कार्यक्रम ३१ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला. गूगलच्या स्वतःच्या ॲपसाठीची योजना वेगळी.

एम्युलेटरवर न चालणाऱ्या ॲपसाठी एक जुना फोन लागतो. नागपुरात बर्डीवर सेकंडहँड घेताना कॅमेऱ्याआधी डेव्हलपर ऑप्शन्स उघडून ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण चालू होतं का ते दुकानातच बघा. ते फिकट असेल तर फोन कितीही स्वस्त मिळो, रूट होणार नाही. अमेरिकेतल्या काही कंपन्यांच्या करारातून आलेले पिक्सेल असेच निघतात. आयएमईआय संचार साथीवर तपासा, पक्कं बिल घ्या. रूटसाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, म्हणून तो रोजच्या वापराचा नसावा.

आयफोनकडे सध्या वळू नका. मॉबएसएफ आयपीए (आयफोन ॲपची फाइल) घेतं खरं, पण ॲप स्टोअरवरून आलेली आयपीए कूटबद्ध असते. जेलब्रेक केलेल्या आयफोनवर ती उलगडून काढली नाही, तर रिपोर्टात प्लिस्टपलीकडे (ॲपच्या सेटिंगच्या फाइलीपलीकडे) फारसं काही निघत नाही.

शहरातल्या क्लासचे फलक लाखोंच्या बाउंटीचं आश्वासन देतात. पैसे भरण्याआधी अभ्यासक्रमाचा शेवटचा महिना बघा. तो मॉबएसएफची पीडीएफ काढण्यावर संपत असेल, तर फी वाचवा, ते काम एका संध्याकाळचं आहे. फ्रिडाची स्क्रिप्ट हाताने लिहून घेतात का, एपीआयची तपासणी शिकवतात का, आणि रिपोर्ट लिहून तो तपासून देतात का, हे विचारा.

रिपोर्ट लिहिताना मात्र मॉबएसएफ पुन्हा कामी येतं, आणि या कामात त्याला तोड नाही. स्कॅनच्या पहिल्याच पडद्यावर ॲपचं पॅकेज नाव, आवृत्ती आणि एसएचए २५६ हॅश (फाइलची ओळख पटवणारा ठसा) असते. त्या तिन्ही गोष्टी रिपोर्टच्या वरच उतरवा. पडताळणारा माणूस पुढची आवृत्ती उघडून ‘होत नाही’ म्हणाला, तर कोणत्या फाइलवर होतं हे दाखवता येतं. त्यानंतर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, रूट आहे की नाही, क्रमाने पायऱ्या, पुराव्याचं ॲप आणि हल्लेखोराच्या हाती नेमकं काय लागतं ते दोन वाक्यांत लिहा. मॉबएसएफची पीडीएफ जोडू नका.